ताईची सुरी

सुरी लोखंडाची हवी, न मिटणारी हवी, आणि तिने आधी काही कापलेलं नसावं. आईने एवढंच सांगितलं होतं.

ताई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे, खारी गावाजवळच्या आमच्या खोलीवर आली होती. आमच्याकडे बाळंतिणीने सव्वा महिना लोखंड जवळ बाळगायचं असतं. झोपताना उशाखाली, उठल्यावर कमरेला. बाथरूमला जातानासुद्धा ते बरोबर न्यायचं. बाळाला आणि आईला काही बाधू नये म्हणून. आमच्या दोघांच्या वेळी आईकडे होती ती सुरी खोल्या बदलताना कुठेतरी हरवली. त्यामुळे नवी आणायची होती, आणि ते काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. म्हणून जे काम कुणालाच नीट येत नाही ते मला येत असणार, असं घरात धरून चालतात.

मला ते पटलं नव्हतं. मी आईला म्हणालो, "ओल्या फरशीवरून पाय घसरला आणि सुरी लागली तर? बाळाला काही होण्याऐवजी हिलाच होईल."

"तुझ्या कॉलेजात शिकवतात ते कॉलेजात ठेव," आई म्हणाली.

ताई पोटावर हात ठेवून हसत होती. "आण रे तू. कमरेला लटकवून फिरते सव्वा महिना. तुझ्या भावजींना सांग, जरा जपून राहा म्हणावं."

त्याच आठवड्यात बाबा एक सुरी घेऊन आले. बाबा भाईंदरमध्ये स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतात. आमच्या घरात ताटं, वाट्या, डबे, पाण्याची टाकी, सगळं स्टीलचं. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी ती स्वतः घासली होती. इतकी चकचकीत की त्यात तोंड दिसत होतं. त्यांनी ती ताईसमोर ठेवली आणि हातपाय धुवायला गेले.

आईने ती उचलून पाहिली. "स्टील नाही चालत. लोखंड पाहिजे."

बाबा टॉवेलला हात पुसत बाहेर आले. "स्टीलमध्ये लोखंडच असतं. विचार याला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, हो, बहुतेक लोखंडच असतं.

"मग गंज का नाही येत?"

मी क्रोमियमबद्दल सांगायला सुरुवात केली तोवर आई गॅसकडे वळली होती. बाबांनी सुरी फळीवर ठेवून दिली. त्या दिवशी त्यांनी दुसऱ्यांदा चहा मागितला नाही.

मग मी स्टेशनबाहेरून एक छोटा चाकू आणला. लाकडी मूठ, खिशात मावणारा, पातं मुठीत मिटणारा. मला वाटलं, यात सगळ्यांचंच समाधान होईल. आईने तो उघडून बंद करून पाहिला आणि परत दिला.

"मिटलेली सुरी काय राखण करणार? झोपलेला वॉचमन बसवल्यासारखं आहे हे."

बाबांच्या कारखान्यात उत्तनजवळच्या पालीहून येणारा एक जण आहे. त्याने सांगितलं की उत्तनला कोळी लोकांना लागणाऱ्या सामानाची दुकानं आहेत, तिथे लोखंडाच्या सुऱ्या मिळतील. मी बसने गेलो. दोर, गळ, जाळ्याचे नायलॉनचे गुंडे टांगलेलं छोटंसं दुकान होतं आणि गल्ल्यावर एक आजी बसल्या होत्या. मी एका सुरीकडे बोट केलं.

"ती मोठी हाय. मासं कापायला पायजे का?"

"नाही. घरी बाळंतपण आहे. बहिणीला जवळ ठेवायला."

आजींचा चेहरा बदलला. त्यांनी आतून एक पुठ्ठ्याचं खोकं आणलं. त्यातल्या सुऱ्या लहान होत्या, काळसर, साध्या. मी एकेक हातात धरून बघत होतो. एकीचं टोक फार लांब होतं, बसताना पोटाला टोचलं असतं. एकीची मूठ गुळगुळीत होती, ओल्या हातातून सुटली असती. शेवटी एक मिळाली. पातं माझ्या मधल्या बोटाएवढं, मुठीला दोन पितळी खिळे. ती मी पिशवीत घालायला आजींपुढे ठेवली, आणि परत घेण्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी ती गल्ल्यावर ठेवली.

"हातात न्हाय देत सुरी. भांडण व्हतं. उचल तू."

घरी आल्यावर मी माझ्या जुन्या कॉलेज बॅगेचं रेक्झिन कापून तिला म्यान शिवलं. आईला विचारलं, झाकलेली चालेल ना? ती म्हणाली, "झाकलेली चालते. मिटलेली नको." ताईने सुरी ओढणीने कमरेला बांधली आणि खोलीतल्या खोलीत एक फेरी मारून दाखवली. बाबासुद्धा हसले.

बाळ वेळेआधी आलं. मुलगी झाली. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं आणि ताई वरच्या मजल्यावर वॉर्डात. मला तिला एकदाच बघायला मिळालं, दारातल्या काचेतून. नळ्या आणि एक लहानशी टोपी, एवढंच दिसलं. पेटीजवळ सुरी ठेवता येणार नव्हती, म्हणून ताई ती दोघींच्या वतीने आपल्याच कमरेला बांधून बसायची. नर्सने विचारलं तर आई पुढे होऊन सांगायची, आणि नर्स मान हलवून निघून जायची.

पाचवी पुजायच्या आदल्या दिवशी मुलगी गेली.

बाबा आणि भावजी तिला घेऊन गेले. बाबांनी तिला हातावर धरलं होतं. ज्या हातांच्या रेघांत पॉलिशचा काळेपणा कायमचा बसलाय, त्या हातांना त्या दिवशी त्यांनी किती वेळ साबण लावला होता, ते मी पाहिलं.

ताईला घरी आणलं तेव्हा घरातलं सगळं थांबलं होतं. मालिशवाल्या बाईंना येऊ नका म्हणून कळवलं होतं. शेकायची शेगडी गॅलरीत गेली. डिंकाच्या लाडवांचा डबा माळ्यावर. शेजारच्या बायका दारात येऊन हळू आवाजात "कशी आहे?" विचारायच्या. ते ताईबद्दल असायचं. मुलीबद्दल कुणीच काही विचारलं नाही. कशी होती, कुणासारखी होती, काहीच नाही. जणू ताई कसल्यातरी ऑपरेशनला जाऊन आली होती.

सुरी मात्र तिच्या कमरेला होती.

काकी भेटायला आली तेव्हा तिने ते पाहिलं. ती बाहेर येऊन आईला म्हणाली, "ती काढून घ्या तिच्याजवळची. आता कुणाची राखण करायची? आणि पोरीचं मन जाग्यावर नाही. उगाच जवळ पातं कशाला?"

काकी गेल्यावर आईने मला हाक मारली. "तू आणलीस. तूच माग."

दुपार होती. ताई पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी आत गेलो आणि नुसताच उभा राहिलो. तिने वळून पाहिलं, मग उठून बसली. म्यानातून सुरी काढून तिने माझ्यासमोर गादीवर ठेवली.

"बघ. गंज चढलाय."

पात्यावर तांबूस ठिपके होते. मला आधी कळेना, एवढ्यात गंज कसा. मग तिच्या गाऊनची ओली झालेली पुढची बाजू दिसली, आणि कमरेला बांधलेली ओढणीही ओली. दूध येत होतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, थांब म्हणून. मी खिडकीकडे बघायला लागलो.

"घ्यायला आलास ना?" ती म्हणाली.

"आईने सांगितलं."

"काकीने सांगितलं असेल." तिने सुरी माझ्याकडे सरकवली. "नेलीस तरी चालेल. पण मग मी इथे कशाला पडलेय ते सांग. आजारी म्हणून? सुरी आहे तोवर बाळंतीण आहे मी. नेलीस की आजारी."

मी स्वयंपाकघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. तिने बोटाने पात्याला तेल लावलं, म्यानाच्या आतूनही. मी सुरी तिथेच सोडून बाहेर आलो.

आई भाजी निवडत बसली होती. तिने माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं.

मी म्हणालो, "डॉक्टर म्हणाल्या होत्या, तिचं बाळंतपण झालंय. सव्वा महिना सगळं तसंच करायचं."

डॉक्टर राउंडला आल्या तेव्हा मी हजर होतो. आराम द्या, खाणं नीट द्या, इतर बाळंतिणींसारखीच काळजी घ्या, असं त्या म्हणाल्या होत्या. बस, एवढंच.

"सगळं?" आईने विचारलं.

"हो."

"मालिश?"

"हो."

"लाडू?"

"हो."

"सुरी?"

मी थांबलो. या सुरीवरून मी आईशी किती वाद घातला होता, ते आम्हा दोघांनाही आठवत होतं. "हो," मी म्हणालो. "तीही."

आई माझ्याकडे बघत राहिली. "इंग्रजीत म्हणाल्या का?"

"हो."

"मग बरोबर. तुला कळलं असेल." ती उठली, स्टूल घेतलं आणि माळ्यावरून लाडवांचा डबा काढला. झाकण उघडलं आणि पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली. तिला माझं खोटं कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी मालिशवाल्या बाई आल्या.

मग ताईला तपासणीला न्यायचं होतं. मी आणि ती रिक्षाने गेलो. तिने कानाला रुमाल बांधला होता, पायांत मोजे होते. हॉस्पिटलच्या दारात बायकांच्या पर्स तपासायला एक वॉचमन बाई बसल्या होत्या. गुटखा वगैरे कुणी आत नेऊ नये म्हणून. ताईने त्या दिवशी सुरी पर्समध्ये ठेवली होती. बाईंनी ती बाहेर काढली.

"ये क्या है?"

मागे रांग होती. मी पुढे झालो. "मैडम, वो असल में..." आणि पुढचं हिंदी मला सुचेना. असल में काय ते कसं सांगायचं?

बाईंनी रेक्झिन मागे सारून काळं पातं पाहिलं. मग ताईच्या कानाचा रुमाल, पायातले मोजे. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"जच्चा हो?"

बाळंतीण का, असं विचारत होत्या. ताईने मान डोलावली.

बाईंनी सुरी परत म्यानात घातली. ताईच्या हातात दिली नाही. टेबलावर ठेवली, तिच्या बाजूला सरकवली. "लड़का हुआ कि लड़की?"

मी तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. "लड़की."

"अच्छा. किस पे गई है?"

"मुझ पे," ताई म्हणाली. मग माझ्याकडे मान वळवून, "नाक इसका है. मामा का."

बाई माझ्या नाकाकडे बघून हसल्या. "जाओ, जाओ. संभाल के."

आत बाकड्यावर बसून आम्ही नंबरची वाट बघत होतो. सुरी ताईच्या मांडीवर होती. मला विचारू की नको होत होतं. शेवटी विचारलं.

"खरंच माझ्यासारखं होतं नाक?"

"तुझंच. बसकं." ती समोर बघत म्हणाली. "मला तर काळजीच वाटलेली. म्हटलं, हिचं लग्न कसं जमायचं."

मी हसलो. आणि हसता हसता बघितलं तर ती रडत होती. घरी आल्यापासून पहिल्यांदाच. तिने मांडीवरची सुरी उचलून आमच्या दोघांच्या मध्ये बाकड्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी ओढणी तोंडावर धरली. शेजारी बसलेली बाई जरा सरकली. मी सुरीला हात लावला नाही. ताई ती पुन्हा उचलेपर्यंत सुरीवर लक्ष ठेवून बसलो.