हद्दीवरचा गोठा

आमची वस्ती गावात नव्हती, शेतात होती. भिंगार सोडून पाथर्डीच्या रस्त्याला लागलं की पुढं एका फाट्यावर एस.टी. थांबायची, तिथून पायवाटेनं आत चालत यायचं. दोनच घरं. एक आमचं आणि एक माझ्या थोरल्या चुलत दिरांचं. सासरे आणि त्यांचे भाऊ वेगळे झाले तेव्हा त्यांनी मधे बांध घातला आणि दोन्ही टोकांना हद्दीचे दगड पुरले. आमचं घर आणि तो बांध यांच्यामधून बैलगाडी जाईल एवढी वाट होती. रस्त्यावरून आमच्या शेतात गाडी न्यायची तर तीच एक वाट.

माझे मालक फौजेत ड्रायव्हर होते. घरात मी, सासूबाई आणि माझी अंगावर पिणारी मुलगी. शेत आम्ही गावातल्या एका माणसाला अर्धेलीनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, दिलं होतं. जाऊबाईंशी माझं चांगलं जमायचं. विरजण, मीठ, विस्तव, काही लागलं तरी आम्ही बांधावरून एकमेकींना हाक मारायचो. दिरांशी मात्र मी कधी एक शब्द बोलले नव्हते. ते थोरले. ते समोर आले की पदर पुढं ओढून बाजूला व्हायचं, एवढंच माझं त्यांच्याशी नातं.

एकाहत्तर साल होतं. दसरा नुकताच झाला होता. सकाळी शेण टाकायला मागं गेले तर बांधावर गवंडी आणि त्याचे दोन गडी खणताना दिसले. दोरी लावलेली होती. दिरांना बैलांसाठी नवा दगडी गोठा बांधायचा आहे हे मला जाऊबाईंकडून कळलं होतं. पण दोरी बांधाच्या आमच्या अंगाला होती. बांध फोडून सपाट केला होता आणि आमच्या घराकडच्या टोकाचा हद्दीचा दगड जागेवर नव्हता.

मी आत येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"दिसलं मला," त्या म्हणाल्या. "जाऊ दे. घरात बाप्या मानूस न्हाई. दोन हात जमिनीपायी त्याच्याशी वैर कुटं घेती?"

"आत्याबाई, दोन हातांचं न्हाई. गाडी कुटनं जाईल?"

त्यांनी भाकरी तव्यावर टाकली. दिरांच्या ओसरीवर रेडिओ होता. सरहद्दीवर काहीतरी घडणार असं सगळे बोलत होते आणि सासूबाई रोज संध्याकाळी बातम्या ऐकायला तिथं जाऊन बसायच्या. मुलाची खबर कळायची त्यांना दुसरी वाट नव्हती. ते दार बंद व्हायला नको, एवढंच त्यांच्या मनात होतं. मला ते कळत होतं. तरीही कुदळीचा आवाज ऐकत मला घरात बसवेना.

मी पदर डोक्यावर घेतला आणि बांधाशी गेले. जाऊबाई त्यांच्या दारात उभ्या होत्या. दिरांशी बोलायची रीत नव्हती, म्हणून मी त्यांच्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "जाऊबाई, भावजींना सांगा, दोरी आमच्यात आलीय."

जाऊबाई खाली बघायला लागल्या. दीर गवंड्याला म्हणाले, "खन तू. बायकांच्या बोलन्याकडं ध्यान देऊ नको."

गवंड्यानं कुदळ उचलली. पुढं मी जे केलं ते ठरवून केलं असं मला म्हणता येणार नाही. मी लुगडं आवरलं, पायासाठी खणलेल्या चरात उतरले आणि मांडी घालून बसले. ओली माती होती, थंड लागली. गवंड्याची कुदळ वरच राहिली.

"उठिवा हिला," दीर म्हणाले. पण उठवणार कोण? परक्या बाईला हात लावायला गडी तयार नव्हते आणि दिरांना तर भावजयीच्या अंगाला हात लावणं शक्यच नव्हतं. ते चराच्या कडेला येरझाऱ्या घालू लागले. "उद्या ह्यो सबूद साऱ्या गावात जाईल. फौजेतल्या मानसाची बायकू मातीत बसली म्हनून. लाज वाटंल त्याला." मी खाली मान घालून बसून राहिले. त्यांनी चिडून एखादा दगड आत ढकलला तर, असंही मनात येऊन गेलं.

ऊन चढलं. घरात मुलगी रडायला लागली. मला पान्हा फुटत होता आणि उठावं तर सगळं गेलं. तिचं रडणं वाढत वाढत जवळ आलं. बघते तर सासूबाई तिला घेऊन चराशी उभ्या. दिरांकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. वाकून पोर माझ्या मांडीवर दिली आणि म्हणाल्या, "पाज तिला."

मी तिथंच पदराआड तिला पाजायला घेतलं. गवंडी आणि गडी पाठमोरे झाले. मग गवंड्यानं दोरी गुंडाळली. "मालक," तो दिरांना म्हणाला, "आपसात मिटवा आन् मग बोलवा." ते तिघं निघून गेले.

त्या संध्याकाळी रेडिओ ओसरीवरून आत गेला.

सासूबाई सवयीनं तिकडं निघाल्या आणि रिकामी ओसरी बघून अर्ध्या वाटेतून परत आल्या. मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं लढाई पेटली. मालकांचं पत्र येणं आधीच बंद झालं होतं. सासूबाईंचं जेवण तुटलं. दिवसभर त्या दारात बसून फाट्याकडं बघायच्या. पोस्टमन दिसला की उठून उभ्या राहायच्या आणि तो पुढं गेला की भिंतीला धरून खाली बसायच्या. मला कशाचंच भान नव्हतं. त्याच दिवसांत दिरांनी गवंडी परत आणला. दुसरा होता, लांबच्या गावचा. दगडावर दगड चढत होता आणि मी ते बघत होते. पण चरात जाऊन बसायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. आपला माणूस जिवंत आहे की नाही हे ठाऊक नसताना भिंतीवरून कुणाशी भांडायचं?

त्याच दिवसांतली एक संध्याकाळ. मागच्या अंगणात भांडी घासत होते तेव्हा एकदम बातम्यांचा आवाज आला. दिरांच्या घराच्या मागच्या खिडकीत, आमच्याकडं तोंड करून, रेडिओ ठेवला होता. खिडकीत जाऊबाई होत्या. दीर घरी नव्हते. मी सासूबाईंना हाक मारली. त्या काठी टेकत आल्या आणि खिडकीखाली ऐकत उभ्या राहिल्या. बातम्या संपल्या तसा जाऊबाईंनी रेडिओ बंद केला.

मी म्हणाले, "जाऊबाई..."

"तुज्यासाटी न्हाई ठिवला," त्या म्हणाल्या. "म्हातारीसाटी ठिवला." आणि खिडकी लावून घेतली.

लढाई थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी मालकांचं पत्र आलं. खुशाल होते. सासूबाईंनी ते पत्र देवापुढं ठेवलं आणि त्या दिवशी पोटभर जेवल्या. तोवर भिंत पुरी झाली होती. छपरासाठी लाकडं येऊन पडली होती.

मग शाळू निघाला. आमच्या अर्धेलीकऱ्यानं कडब्याची गाडी भरली आणि वाटेला घातली. गाडीचं एक चाक भिंतीला घासलं, दुसरं आमच्या ओट्याला, आणि गाडी मधेच अडकली. बैल रेटत होते, तो ओरडत होता. दीर पलीकडून बघत उभे होते. शेवटी गाडी तिथंच रिकामी केली आणि सगळा कडबा आम्ही डोक्यावर वाहिला. अर्धेलीकरी जाताना म्हणाला, "वैनी, पुढच्या वर्साला वाट न्हाई झाली तर मी न्हाई करायचो हे शेत."

दुसऱ्या दिवशी मी मुलीला कडेवर घेऊन एस.टी.नं नगरला गेले. मोजणीच्या कचेरीत एकटी बाई मी होते. तिथल्या साहेबांनी विचारलं, "मालक कुठायत?" म्हटलं, "सरहद्दीवर." त्यांनी मग बसायला सांगितलं आणि शिपायाकडून अर्ज लिहून घेतला.

रानं मोकळी झाल्यावर मोजणीदार आले. साखळी ओढली, नकाशा उघडून बघितला, पुन्हा ओढली. दीर सारखे त्यांच्या मागं मागं, भिंतीलगत नव्यानं पुरलेला दगड दाखवत, "सायेब, ह्यो दगड आदीपासनं हितंच हुता," म्हणत होते. मोजणीदारांनी ऐकून घेतलं आणि शेवटी भिंतीच्या पलीकडं, गोठ्याच्या आत, खुंटी ठोकली. दुसऱ्या टोकाला तशीच. भिंत सबंध आमच्या जमिनीत होती.

दीर खुंटीकडं बघत राहिले. मग माझ्याकडं न बघता सासूबाईंना म्हणाले, "काकू, त्याला येऊ दे सुट्टीवर. आमी भाऊ भाऊ बघून घिऊ."

मालक उन्हाळ्यात आले. रोडावले होते. आल्या दिवशीच दिरांनी त्यांना ओसरीवर बोलावलं, चहा झाला, पान झालं. दोघं हसत होते ते मला चुलीपाशी ऐकू येत होतं. मालक घरी आले तेव्हा मी सगळं सांगितलं. चराचं, गाडीचं, खुंट्यांचं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे ती भित."

मला राग आवरेना. "तिकडं कशापायी गेल्ता तुमी? तिथं दोन हात जमीन सोडून आलात काय?"

सासूबाईंनी हातातलं भांडं खाली ठेवलं. मला वाटलं, आता मालक हात उगारतील. पण ते तसेच बसून राहिले. आपल्या तळव्यांकडं बघत म्हणाले, "मी तिथं काय बघून आलोय ते मला सांगता यायचं न्हाई. मला आता कुनाशी भांडायला लावू नकोस. तुला करायचं ते कर, मी आडवा यायचो न्हाई."

मी त्यानंतर त्यांना त्याबद्दल एक शब्द बोलले नाही. सुट्टीभर ते आंब्याखाली मुलीला घेऊन बसायचे, कुणी मोठ्यानं हाक मारली तरी दचकायचे.

ते परत गेले त्याच आठवड्यात मी दिरांच्या अंगणात गेले. ते दावी वळत होते. पदर होता, पण मी तो पुढं ओढला नाही. "भावजी," मी म्हणाले. त्यांना पहिल्यांदाच हाक मारत होते. त्यांनी मान वर केली.

"छप्पर घातल्यावर पाडायला लावलं तर तुमचं जास्त नुकसान. त्याच्या आदी भित मागं घ्या. तुमची बैलं तवर आमच्या गोठ्यात बांधा. वैरन आमची. पर भित मागं घ्या. न्हाई घेतली तर मी पुन्यांदा नगरला जाईन, आन् मग पोलीस घिऊन येईन."

दिरांनी दाव्याला आणखी एक पीळ घातला. मग घराकडं तोंड करून जाऊबाईंना म्हणाले, "हिला म्हनावं, बैलं उद्या आनतो."

त्यांनी भिंत स्वतः उतरवली. गडी लावला नाही. एकेक दगड काढून खुंटीपलीकडं रचत होते, आणि मी घरात असले तरी प्रत्येक दगडाचा आवाज मला ऐकू येत होता. त्यांची बैलं आमच्या गोठ्यात होती. वैरण घालायला ते यायचे आणि मी तेव्हा आत जायची. वाट मोकळी झाली, पण मला आनंद असा झालाच नाही. नुसता थकवा आला.

नवी भिंत कमरेएवढी झाली आणि काम थांबलं, कारण त्या वर्षी पाऊस आला नाही. बहात्तरचा दुष्काळ. दिरांनी बैलं गुरांच्या छावणीवर नेली. त्यातला एक परत आला नाही. गोठा पुढं किती तरी वर्षं बिनछपराचाच राहिला.

आम्ही दोघी जावा खडी फोडायला जायला लागलो. रस्त्याचं सरकारी काम निघालं होतं. सुरुवातीला जाऊबाई एका टोकाला बसायच्या, मी दुसऱ्या. एक दिवस त्यांचं बोट हातोड्याखाली सापडलं. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या बोट मुठीत धरून हलत राहिल्या. मी उठून गेले, लुगड्याची चिंधी फाडली आणि पाणी लावून बांधली. त्या माझ्याकडं बघत म्हणाल्या, "त्या दिशी तू चरात बसलीस नव्हं, तवा मी दारातनं मनातल्या मनात म्हनत हुते, उटू नको, उटू नको."

"मग बोलला का न्हाई?"

"मला त्याच घरात ऱ्हायचं हुतं की."

त्यांनी बांधलेलं बोट बघितलं, हातोडा डाव्या हातात घेतला आणि सरकून मला बसायला जागा केली. दुपारी सरकारी सुकडी, गूळ घातलेलं भाजकं पीठ, वाटायला आले तेव्हा आम्ही दोघी एकाच ताटलीत घेतली.

दीर माझ्याशी शेवटपर्यंत सरळ बोलले नाहीत. काही सांगायचं असलं तर माझ्या मुलीला बोलावून, मी समोर उभी असताना, म्हणायचे, "तुज्या आईला सांग, पानी तुमच्याकडं सोडलंय." आणि मीही मुलीलाच म्हणायची, "सांग त्यांना, कळलं."