उपाशीपोटीचं रक्त

रियाधच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझ्या खुर्चीवर सौदी माणूस बसवायचं ठरलं, आणि त्याला तयार करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. माणूस म्हणजे एक बाई निघाली. दोन मुलांची आई, नुकतीच पास झालेली. ती तयार झाली असं मी सहीनिशी लिहून दिलं की माझा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, खलास. त्यामुळे मी शिकवत होतो, पण घाई करत नव्हतो.

यकृताच्या आणि पित्तनलिकेच्या रुग्णांच्या रक्तातलं अ आणि ई जीवनसत्त्व आम्ही मोजायचो. पित्त आतड्यात उतरलं नाही की तेलतूप अंगी लागत नाही, आणि त्याच्यासोबत ही जीवनसत्त्वंही वाया जातात. रक्त बारा तासांच्या उपाशीपोटीच घ्यायचं, हे मी बाईंना इतक्यांदा ऐकवलं होतं की त्या वैतागायच्या.

रमजान आला. या रुग्णांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मना करूनही बरेच रुग्ण रोजा धरून येत. सकाळी दहाला मी रक्त काढत होतो आणि प्रत्येक फॉर्मवर 'उपाशी' ठोकून देत होतो. सगळं गावच उपाशी, विचारायचं कशाला? आकडे तर काय सुरेख आले! सगळ्यांचं ई वर चढलेलं. ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या कमी करा, असं डॉक्टरीणबाईंना सांगायला मी छाती फुगवून निघालो.

बाईंनी दारातच अडवलं. "उस्ताद, तुमच्या घरी कधी कोणी रोजा धरलाय?"

"आमच्याकडे चतुर्थी असते. का?"

"हे लोक पहाटे सहूर जेवलेत. मटण, लोणी, सगळं. तुमच्या गोळ्याही त्याच घासाबरोबर गिळल्यात. जेमतेम सहा तास झालेत, उपाशी कुठले?"

मी साबुदाण्यावर उपास करणारा नाशिककर. पहाटे कोणी मटण खात असेल हे माझ्या डोक्यात कुठून येणार?

"मग घ्यायचं कधी?" गुरूने शिष्येला विचारलं.

"मगरिबच्या जरा आधी. यल्ला, फोन लावा!"

दुसऱ्या दिवशी सूर्य बुडायच्या आधी सगळ्यांचं रक्त पुन्हा घेतलं. बहुतेकांचं ई पार तळाला गेलेलं. दोन्ही कागद घेऊन मी डॉक्टरीणबाईंपुढे उभा राहिलो आणि कोणता कुणाच्या अकलेचा, तेही सांगितलं. गोळ्या कमी व्हायच्या त्या वाढल्या.

त्याच आठवड्यात बाईंच्या फॉर्मवर सही केली. शेऱ्यात लिहिलं : 'माझी चूक हिने पकडली. आता इथे माझी गरज नाही.'

एचआरमधला हैदराबादी कळवळला, "मियाँ, दुसरं वाक्य खोडा. नोकरी जाईल."

म्हटलं, "ते राहू दे. पहिलं खोडलंस तर बघ!"