काटेसाहेबांची निम्मी साखर

धाकट्या दिराकडे वहिनींचं पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, ते लग्नानंतर चौथ्या दिवशी. वाण्याकडून आलेली साखर त्याने घरच्या तराजूवर टाकली. अकरा ग्रॅम कमी भरली. भर उन्हात तो तरुण दुकानात गेला आणि कागदाच्या पुडीत अकरा ग्रॅम साखर घेऊन परतला. चेहऱ्यावर गड जिंकल्याचा आनंद! वहिनींना तेव्हा हसू आलं. नवरा म्हणाला, "तो तसाच आहे, लक्ष देऊ नकोस." चाळीस वर्षं त्यांनी लक्ष न देण्याचा प्रयत्न केला.

पुढे भावोजी वजनमापे निरीक्षक झाले. असा माणूस दुसरं काय होणार? बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणत. दुकानदार समोर उभे राहून नमस्कार करीत आणि पाठ फिरली की त्यांच्या चालीची नक्कल करीत. भावोजींना फक्त नमस्कार दिसे. लग्न केलं नाही. तीन मुली पाहिल्या आणि तिघींतही काही ना काही कमी भरलं. निवृत्त झाल्यावर ट्रंक, पितळी वजनं आणि स्वतःविषयीचं उत्तम मत घेऊन ते भावाच्या घरी राहायला आले.

त्या घरात उन्हाळा म्हणजे वहिनींची सरबतं. पोहण्याच्या तलावावर मुलांचं शिबिर भरे आणि एकोणीस वर्षं तिथे त्यांचंच तुतीचं सरबत जाई. पाण्यातून कुडकुडत निघालेली पोरं जांभळ्या मिशा घेऊन घरी जात. त्या वर्षी मात्र शिबिराच्या बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "अध्यक्षांना कारखान्यातल्या बाटल्या हव्यात. सोमवारी ते स्वतः चव घेणार आहेत. आवडलं तर तुमचं, नाहीतर यापुढे बंद."

वहिनी तुती रटरटवत, मलमलच्या फडक्यातून गाळत आणि रसाला दीडपट साखर घालत. पाकाची तार दोन बोटांत धरून बघत.

"दीडपट?" भावोजी दारातून म्हणाले. "सरबत करताय की मुंग्यांच्या लग्नाचा बेत?"

"साखर नुसती गोडीला नसते, भावोजी. टिकायला असते."

"वहिनी, मी अख्खा बाजार तोललाय. बोटांनी पाक मोजतात का कुठे?"

त्याच आठवड्यात बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि वहिनींना चार दिवस जावं लागलं. निघताना त्या म्हणाल्या, "तुती टोपलीत आहे. शेवटचीच आहे, हात लावू नका. मी आल्यावर करते."

भावोजींना ही सूचना वाटली नाही, संधी वाटली. परतल्यावर वहिनींना टेबलावर चाळीस बाटल्या कवायतीत उभ्या दिसल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी: क्रमांक, तारीख, निव्वळ वजन आणि खाली सही. सरबत ज्यांनी एकोणीस वर्षं केलं त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"साखर किती घातलीत?"

"निम्मी. आरोग्याचा विचार नको का कुणी करायला?"

वहिनींनी एक बाटली उजेडात धरली. मानेशी बारीक बुडबुडे चढत होते. "हे आंबतंय, भावोजी. बुचं सैल करा."

"हवाबंद आहेत. मी स्वतः तपासलीत."

दुपारी जेवताना सतरा नंबरची बाटली फुटली. मागोमाग तेवीस आणि चोवीस. छत जांभळं, भिंत जांभळी आणि भावोजींचा पांढराशुभ्र शर्ट तर कपाळावरून आलेल्या ओघळांनी पार जांभळा. एवढं होऊनही ते म्हणाले काय, तर "हल्ली काचेचा दर्जा घसरलाय."

"मग काचेवर खटला भरा, काका," वहिनींची लेक म्हणाली. "साक्षीला शर्ट न्या."

वहिनी हसल्या नाहीत. शनिवार होता. तुती संपलेली, उरलेल्या बाटल्या मोरीत ओतायच्या. रागावण्याइतकी किंमतही त्यांना या माणसाला द्यावीशी वाटेना. त्यांनी परसातल्या कुंड्यांमधला सगळा पुदिना खुडला, लेकीला लिंबं आणायला पिटाळलं आणि पाक चढवला. गॅस बंद केल्यावरच पुदिना टाकला. उकळला की तो काळा पडतो. पाक निवल्यावर लिंबं पिळली.

भावोजी उष्णतामापक घेऊन दारात आले. वहिनींनी मागे न बघता सांगितलं, "बाटल्या धुवायच्यात."

त्यांनी उष्णतामापक खिडकीत ठेवला. मग बाह्या सरसावून मोरीत बसले. आणि खरं सांगायचं तर त्यांनी बाटल्या धुतल्या मात्र अप्रतिम.

सोमवारी अध्यक्षांनी एक पेला प्यायला, दुसरा मागितला आणि विचारलं, "कुणी केलं?" वहिनी पुढे होणार, तोच भावोजी घसा खाकरून म्हणाले, "आमच्याच घरचं. मोजमाप सगळं माझं."

"बाटल्या यांनी धुतल्या," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "सरबत माझं." शिबिराच्या बाई तोंडावर रुमाल धरून वळल्या. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचं तिथेच सांगून टाकलं: तुतीचं आणि पुदिन्याचं, दोन्ही.

भावोजी आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. दर उन्हाळ्यात मोरीत बसून बाटल्या धुतात आणि वाळल्यावर प्रत्येक रिकामी बाटली तोलून तिचं वजन वहीत लिहून ठेवतात.