भारत ‘न्हाय’ म्हणतो

आमच्या कॉलेजात माने सरांचं परराष्ट्र धोरणाचं अभ्यास मंडळ होतं. नव्वदचं दशक संपत आलेलं, शनिवारी दुपारी आठ-दहा टाळकी जमायची. धोरण किती डोक्यात शिरलं देव जाणे, किस्से मात्र पोत्यानं साठले. सर त्या वर्षी रिटायर होणार होते. जाण्याआधी हवामानबदलावरचा आमचा एक ठराव दिल्लीला परराष्ट्र खात्याकडे धाडायचा, हे त्यांचं स्वप्न. अट एकच, ठराव एकमताचा हवा.

*

त्यासाठी लुटुपुटीची जागतिक परिषद भरवायची ठरली. अशा परिषदेतल्या देशांना ‘पक्ष’ म्हणतात. मंडळातल्या रुखसानाने गेटवरच्या फळ्यावर झोकात लिहिलं, ‘पक्षांची परिषद’. झालं! एका पक्षाचे दोन कार्यकर्ते आले, आम्हाला निमंत्रण का नाही म्हणून भांडायला. त्यांची समजूत घालतोय तोवर गळ्यात दुर्बिणी अडकवून कळंबा तलावावरचे तीन पक्षीमित्र हजर! कार्यकर्ते चहा पिऊन गेले. पक्षीमित्रांना सरांनी प्रेक्षक म्हणून बसवून घेतलं.

*

भारत झाला होता धनाजी पाटील. गडी गारगोटीचा, आवाज खणखणीत. होस्टेलवर त्याचे दोन रूममेट भांडले, तेव्हा याने ‘मी अलिप्त हाय’ असं जाहीर केलं. रात्री दोघांनीही त्याला डब्यातलं काही दिलं नाही. सर म्हणाले, अलिप्त म्हणजे गप्प बसणं नव्हे रे बाबा.

*

श्रीमंत देशांनी धूर केला आणि आता सगळ्यांनी मिळून आवरायचं, हे ऐकून धनाजी परिषदेत उसळला.

"तांबडा-पांढरा रस्सा त्यांनी वरपला, आन् भांडी आमी घासायची व्हय?"

टाळ्या पडल्या. सरही हसले. मोठी पातेली त्यांनीच घासावीत, हे ठणकावून सांग म्हणाले. पण आपलं ताट आपण उचलायला काय हरकत आहे? धनाजी बधला नाही.

*

संध्याकाळपर्यंत बाकी सगळ्या देशांच्या सह्या झाल्या. भारत अडून बसलेला. सरांचा चेहरा उतरला. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सुशीला कांबळे उठली. पुरात बुडणाऱ्या नृसिंहवाडीकडची, वर्षभरात चार वाक्यं बोलली असेल. तिच्या वाट्याला समुद्रात बुडू घातलेलं एक चिमुकलं बेट आलं होतं. ती धनाजीच्या बाकासमोर जाऊन उभी राहिली.

"पावणं, ऱ्हाऊ द्या सही. पाणी वाढलं की आमी समदी तुमच्याकडंच ऱ्हायला येनार हाय. सैपाक किती जणांचा टाकायचा, तेवढं घरात सांगून ठेवा."

धनाजीने माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं.