मडगार्डवरचं बटण

जुन्या ट्रॅक्टरची वायरिंग उंदरांनी कुरतडली होती, म्हणून सगळी नवी टाकायला घेतली. लाइटची, डायनामोची, हॉर्नची, अशा वायरी एकत्र धरून त्यांच्यावर टेप गुंडाळत होतो. तापणाऱ्या सायलेन्सरपासून त्या लांब ठेवायच्या आणि वळणाच्या जागी जरा सैल सोडायच्या. काम एकट्याचं आहे. हात गुंतून राहतात, मन मात्र भटकत जातं.

जुन्या जुडग्यातली एक वायर डाव्या मडगार्डकडे गेली होती. तिच्या टोकाला दारावरच्या घंटीचं बटण. ते माझ्या धाकट्या भावानं बसवलेलं. शेतावर जाताना तो मडगार्डवर बसायचा आणि इंजिनाच्या आवाजात त्याची हाक मला ऐकू यायची नाही.

"दादा, ओरडून घसा बसला माझा. आता हॉर्न वाजला की गुमान थांबायचं," असं त्यानं मला बजावलं होतं.

वाटणीत ट्रॅक्टर माझ्याकडे आला. तुला हवा होता का, असं मी त्याला विचारलं नाही. तो गप्प राहिला आणि मी तो होकार धरला. तेव्हा तर ऐकू न यायला इंजिनही चालू नव्हतं. त्यानंतर तो माझ्या दारात आलेला नाही.

ती वायर आता कुणाच्याच कामाची नाही. तरी तिच्या जागी नवी वायर जुडग्यात घेतली, मडगार्डपर्यंत नेली आणि तपासायला स्वतः तिथं बसून बटण दाबलं.

हॉर्न खणखणीत वाजला. समोरची सीट रिकामी होती. थांबायला कुणीच नव्हतं.