चौथऱ्याची उजवी बाजू

मी एका मेलेल्या बैलापुढं नारळ फोडला. बैल सिमेंटचा होता, श्रावणी सोमवार होता आणि नारळ आमच्या हिनं महादेवासाठी दिलेला होता.

हे सांगताना आपण जन्मभर चित्रकलेचे मास्तर होतो ही गोष्ट लपवता आली असती तर बरं झालं असतं. पण ती लपत नाही. श्रीरामपूरला हायस्कुलात मुलांची बोटं धरून रेघा ओढल्या, निवृत्त झाल्यावर श्रीगोंद्याला घर केलं आणि एक नाद लावून घेतला. जिल्ह्यात उघड्यावर जे काही रंगवलेलं, घडवलेलं असेल ते स्कूटरवरून हिंडून बघायचं आणि वहीत टिपून ठेवायचं. पाण्याच्या टाकीवरची कमळं, शाळेच्या कुंपणावरची सूर्यमाला, साखर कारखान्याच्या फाटकात उभं असलेलं सिमेंटचं शेतकरी जोडपं, ज्यातल्या बाईच्या डोक्यावरची पाटी नवऱ्यापेक्षा मोठी आहे. श्रीरामपुरात एका चर्चच्या भिंतीवर येशूजन्माचं चित्र आहे. त्यातल्या गोठ्यात चक्क पांढरी खिलार जनावरं उभी आहेत आणि ती बाळाकडं बघायचं सोडून वैरणीकडं बघतायत. ते चित्र बघायला मी अजूनही वाकडी वाट करून जातो.

या नादात फजिती नवी नाही. बेलापुरात एका भिंतीसमोर मी अर्धा तास उभा होतो. पिवळे, जांभळे, शेवाळी असे मोठाले ठोकळे, कुठं आकार नाही, कुठं आकृती नाही. वहीत लिहिलं, 'अमूर्त. धाडसी.' तेवढ्यात आतून घरमालक आला आणि यातला कुठला रंग घराला बरा दिसेल ते सांगा म्हणाला, कारण पेंटर उद्या येणार होता.

एवढ्यावर शहाणं व्हायला हवं होतं.

त्या सोमवारी मी काष्टीच्या बाजूला एका टाकीवरचं चित्र बघायला निघालो. हिनं पिशवीत नारळ घातला, वाटेतल्या महादेवाला फोडून एक वाटी घरी आणायला सांगितलं. जाताना मी देऊळ बोलता बोलता मागं टाकलं. सोबत कुणी नव्हतं, स्वतःशीच बोलत होतो. येताना भलत्याच रस्त्यानं आलो. नारळ सबंध परत नेला तर घरी काय ऐकावं लागेल याची उजळणी चालू असताना शेताच्या बांधावर, लिंबाखाली हा दिसला. वीतभर उंचीचा रुंद चौथरा आणि त्यावर पांढराशुभ्र, जिवंत बैलाएवढा बैल. डाव्या डोळ्याभोवती काळा डाग. समोर महादेव नव्हता. म्हटलं, असेल कुठंतरी आसपास. चौथऱ्याच्या कडेवर नारळ फोडला, एक वाटी ठेवली, एक पिशवीत घातली आणि वही काढली.

ती नोंद अजून माझ्याकडं आहे. 'नंदी. उभा, म्हणून अत्यंत दुर्मिळ. चौथऱ्याची उजवी बाजू मुद्दाम रिकामी. कारागिराला मोकळ्या जागेची जाण. मानेवर विनाकारण उंचवटा, हात चुकलेला दिसतो.'

फोटो काढून तो मी निवृत्त शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकला. खाली रस्त्याची खूण दिली आणि 'काष्टी परिसरातील दुर्मिळ उभा नंदी' असं लिहिलं. दहा जणांनी हात जोडले. कुणीतरी तो पुढं पाठवला, त्यानं आणखी पुढं. घरी खोबऱ्याची चटणी झाली आणि या महादेवाचा नारळ गोड निघाला असं ही म्हणाली.

त्यानंतर मी त्या रस्त्याला गेलो तो संक्रांत उलटल्यावर. लांबूनच काहीतरी भगवं चमकलं. जवळ गेलो तर बैल शिंगापासून खुरापर्यंत शेंदरानं माखलेला. लिंबाच्या फांदीला घंटा, बाजूला झेंडा आणि पाटी: 'जागृत उभा नंदी'. पाटीवर फोटो माझाच. कोपऱ्यात माझ्या स्कूटरचा आरसासुद्धा आला होता.

मला फार आनंद झाला. चौथऱ्यापाशी एक म्हातारी नारळाच्या शेंड्या झाडून गोळा करत होती आणि तिचा म्हातारा बाजेवर बसून ते बघत होता. मी स्कूटर लावली आणि पाटीकडं बोट दाखवून म्हणालो, "मावशी, मी चित्रकलेचा मास्तर. हे स्थान मी शोधलं."

म्हातारीनं केरसुणी खाली ठेवली. म्हाताऱ्यानं मला पायापासून वर बघत आणलं.

"पहिला नारळ तुमीच फोडला व्हय?"

"हो," मी शक्य तेवढ्या नम्रपणे म्हणालो. मला वाटलं आता चहा येणार.

"त्यो नंदी न्हाई," म्हातारा म्हणाला. "आमचा बैल हाय."

चहा आला, पण त्याच्याबरोबर बाकीचंही आलं. हा त्यांच्या जोडीतला डावीकडचा बैल. जोडीला जू ठेवायचं तर हा कायम डावीकडं आणि दुसरा उजवीकडं. बाजू बदलली की दोघंही पाऊल टाकत नसत. डावीकडचा दोन वर्षांपूर्वी गेला. म्हाताऱ्यानं त्याला इथंच लिंबाखाली पुरला आणि देवळांच्या शिखरांवर मूर्ती करणाऱ्या एका गवंड्याला बोलावून हा करून घेतला. गवंड्यानं मेलेला बैल पाहिलेला नव्हता, म्हणून उजवीकडचा समोर बांधून त्याच्यावरून माप घेतलं आणि डाग, शिंगांचा बाक, कानाचं टोक हे म्हातारा सांगत गेला. उजवीकडचा अजून गोठ्यात होता. म्हातारा झालेला, दात गेलेले, त्याला भिजवलेली पेंड लागायची. तो गेला की त्याला शेजारी उभं करायचं म्हणून चौथऱ्याची उजवी बाजू रिकामी.

मी मानेवरच्या उंचवट्याकडं बघत होतो. म्हातारीच्या ते लक्षात आलं असावं. ती म्हणाली, "घट्टा हाय त्यो. जू वढून पडतो. पोळ्याच्या आदल्या दिशी आमी त्याला लोनी लावतो." जिवंत बैलाच्या खांद्याला लावतात तसं याच्याही खांद्याला, दर वर्षी. या वर्षी लावायला गेली तर शेंदूर.

वही खिशात होती. ती मला टोचायला लागली.

खरी अडचण पुढं होती. गावातल्या चार-पाच जणांची कमिटी झाली होती आणि महाशिवरात्रीला त्या रिकाम्या उजव्या बाजूला महादेवाची पिंड बसवायची ठरली होती. नंदी आहे तर देव हवाच. जमीन म्हाताऱ्याची, बैल म्हाताऱ्याचा, पण देव नको असं तोंडानं म्हणायचं कसं? एकदा त्यानं बोलून पाहिलं, तर लोक म्हणाले, बाबा, तुमच्या बांधावर देव आला, तुम्ही नशीबवान. आणि शेंदूर खरवडून टाकावा तर हात उचलत नव्हता.

"बैल आपला हाय, ठावं हाय मला," म्हातारा म्हणाला. "पर शेंदूर लागल्याव मलाबी त्यो देवच वाटतो, मास्तर. पिंड एकदा बसली की मग उठायची न्हाई. दुसऱ्याला कुटं हुभा करू?"

मी छातीवर हात ठेवून सांगितलं की काळजी करू नका, मीच बिघडवलंय, मीच निस्तरतो. माणसानं स्वतःच्या अकलेवर किती भरवसा ठेवावा याला मर्यादा असते, पण ती मला त्या दिवशी दिसली नाही.

आधी गटावर खुलासा टाकला: तो नंदी नसून शेतकऱ्याचा बैल आहे, गैरसमज माझा. यावर एकानं भावना दुखावू नका असं लिहिलं, दुसऱ्यानं माझ्या तब्येतीची चौकशी केली आणि बाकीच्यांनी नेहमीसारखे हात जोडले. मग कमिटीला गाठलं. मंडळी चहाच्या टपरीवर भेटली, वागायला अगदी सभ्य. मी त्यांना सगळं शास्त्र समजावलं. नंदी बसलेला असतो, हा उभा आहे. नंदीच्या गळ्यात घुंगुरमाळ असते, याच्या नाकात वेसण आहे. नंदी देवाकडं तोंड करून असतो, हा उसाकडं तोंड करून आहे.

त्यांच्यातला एक, गावातला ट्रॅक्टरवाला, मोबाईल काढून माझ्यासमोर धरत म्हणाला, "म्हणूनच तर दुर्मिळ हाय, सर. तुमीच लिहिलंय."

खाली माझं नाव आणि हुद्दा होता. कलाशिक्षक. मी त्याच्या चहाचेही पैसे दिले आणि आलो.

म्हाताऱ्याला सांगायला तोंड नव्हतं, पण सांगितलं. म्हातारीनं फक्त विचारलं की ही माणसं माप घ्यायला कधी येणार.

आली तेव्हा मीही होतो, काय उपयोगाचा ते न कळता. ट्रॅक्टरवाल्यानं रिकाम्या बाजूवर टेप धरला, दुसऱ्यानं खडूनं गोल काढायला घेतला. म्हातारा बाजेवर मान खाली घालून बसला होता. तेवढ्यात म्हातारी गोठ्यातून आली. तिच्या हातात कासरा आणि मागं तो उजवीकडचा.

मी बैलांची चित्रं पुष्कळ काढलीत, पण म्हातारा बैल नीट पाहिलेला नव्हता. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, डोळ्यांच्या कडेला पाणी, पाऊल टाकताना मागचा पाय क्षणभर अधांतरी. म्हातारीनं चौथऱ्यापाशी आणून कासरा सोडून दिला. बैलानं शेंदरी बैलाला हुंगलं, फुरफुरला, जीभ बाहेर काढली. तिनं लगेच त्याचं तोंड बाजूला केलं, शेंदूर पोटात जाईल म्हणून. मग तो आपणहून मागं फिरला, वीतभर चौथऱ्यावर एकेक पाय ठेवत चढला, खडूच्या गोलावरून पुढं येऊन सिमेंटच्या बैलाच्या उजवीकडं उभा राहिला आणि मान खाली केली. जू ठेवायला करतात तशी. आणि तशीच ठेवून वाट बघत राहिला.

कमिटीवाले टेप-खडू हातातच धरून बघत राहिले. ही सगळी शेतकऱ्यांचीच मुलं. मान तशी खाली का जाते हे त्यांना कुणी समजावायला नको होतं. मला मात्र ते कळायला शेजारच्यांचे चेहरे बघावे लागले.

ट्रॅक्टरवाला पुढं झाला. त्यानं बैलाच्या खांद्यावरचा घट्टा चाचपला, मग शेंदराखालचा सिमेंटचा चाचपला. बाजेकडं न बघता म्हणाला, "बाबा, आमचं वरलं रान ह्याच जोडीनं नांगरल्यालं ना?"

"व्हय. तुजा बाप असताना."

त्यानं टेप गुंडाळला. पिंड ओढ्याकाठच्या पिंपळाखाली बसेल, तिथं सावलीही चांगली आहे, असं त्याचं त्यानंच ठरवलं. घंटा सोडवली, पाटी उपटली. उरला शेंदूर. त्याला हात लावायला मात्र त्यांच्यातलं कुणी तयार होईना. शेवटी सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्यानं पहिला नारळ फोडला त्यानंच उतरवावा, हे सर्वांना एकदम पटलं. मी म्हटलं, सुरुवातीला क्षमा मागून एक नारळ फोडू का? म्हातारीनं पिशवीच काढून घेतली.

तीन दिवस लागले. डिझेल, चिंध्या आणि काथ्या. पहिल्या दिवशी बायको सोबत आली, म्हातारीकडून सगळी हकीकत ऐकली. नंतर चटणीच्या आठवणीनं हसत सुटली ती आजतागायत. मी इतकं मन लावून घासलं की शेंदराबरोबर डोळ्याभोवतीचा काळा डागही निघून आला. तो पुन्हा रंगवताना म्हातारा मागं बसून सांगत होता, जरा खाली, जरा कानाकडं, आता पुरे. चित्रकलेच्या तासाला मी मुलांना असंच सांगायचो. फरक एवढाच की याला बैल माहीत होता.

नंतर पोळ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. उजवीकडचा अजून होता. पावसानं धुऊन पांढरा झालेला त्याचा जोडीदार चौथऱ्यावर, तो खाली. म्हातारीनं माझ्या तळव्यावर लोण्याचा गोळा ठेवला. हळद घातलेला, मऊ. मी आधी जिवंत खांद्याला लावलं, कातडी थरथरली. मग सिमेंटच्या घट्ट्याला लावलं, ज्याच्याबद्दल मी वहीत हात चुकलाय असं लिहिलं होतं. ती ओळ मी त्याच दिवशी खोडली. 'मोकळ्या जागेची जाण' हे शब्द मात्र तसेच ठेवले, ते बरोबर होते.

स्कूटरवरून इतक्या लांब आलेलो, त्यात वाकून वाकून कंबर धरली होती. हात पुसले आणि जरा टेकावं म्हणून चौथऱ्याच्या रिकाम्या बाजूला बसलो. वारा छान होता, समोर ऊस हलत होता.

म्हातारीनं लोण्याची वाटी उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "उठा तिथनं, मास्तर. ती जागा काम केल्याल्या बैलाची हाय."