सरकारी दिवस

मालकानं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. स्टेजवरच्या दिव्यात माझी दोन अर्धी बोटं सगळ्या हॉलला दिसली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं मान वळवली. मालक माईकवर म्हणाले, "हिला मी काढलं नाही. कुठल्या कायद्यानं सांगितलं नव्हतं. माणुसकी आतून येते. सरकारनं उद्योगात हात घालायचं कारणच नाही."

टाळ्या पडल्या. माझा हात अजून वरच होता.

चिंचवडचा एसी हॉल होता. आमच्या मालकांसारखे कारखानदार जमले होते. विषय काय, तर खुल्या बाजारात सरकारनं किती लुडबूड करावी. आमचे मालक भाषण करणार होते आणि भाषणात दाखवायला म्हणून मला नेलं होतं. सकाळी निरोप आला, चांगली साडी नेसून ये. स्वतःच्या गाडीत बसवलं. मला वाटलं सत्कारबित्कार असेल. वेडीच मी. सत्कार कसला, कोर्टात मुद्देमाल दाखवतात तसा माझा हात दाखवला.

आमचा कारखाना चाकणच्या पट्ट्यात. मोठ्या गाडी कंपनीला लागणारे पत्र्याचे तुकडे आम्ही प्रेसवर काढायचो. प्रेस म्हणजे वरून धाडकन खाली येणारं लोखंड. खाली पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल मारायचं. या मशीनला सेन्सर असतो. हात आत असला की लोखंड जागच्या जागी थांबतं. पण सेन्सर चालू असला की मशीन सारखं अडतं आणि माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझर किल्ली फिरवून सेन्सर बंद करायचा आणि किल्ली खिशात टाकायचा. आम्ही सगळ्या कंत्राटी बायका. बोललं की उद्यापासून येऊ नको. किल्ली बंद असली की आम्ही भीत भीत काम करायचो आणि ती भीतीच आमचे हात वाचवायची.

कधीतरी तपासणीचा सरकारी साहेब यायचा. आधी कळवून यायचा. मग त्या दिवशी किल्ली चालू. हातमोजे मिळायचे. पंखे फिरायचे. संडासात साबण यायचा. टार्गेटचं कुणी नाव काढायचं नाही. त्या दिवसाला आम्ही बायकांनी नाव ठेवलं होतं, सरकारी दिवस. माझ्या शेजारच्या मशीनवर मंगलताई होती, मूळची तिथल्याच कुरुळी गावची. ती आदल्या दिवशी डबा खाताना सांगायची, "उद्या सरकारी दिवस हाय गं." मग आम्ही खूश. त्या दिवशी गप्पा मारत काम व्हायचं. पत्रा वाकडा बसला तर पाय पेडलवर असतानाच खुशाल हात घालून सरळ करायचो. लोखंड थांबायचं. दिवसभर यंत्र आमचं ऐकायचं. आम्हाला माणसात आल्यासारखं वाटायचं.

माझी बोटं गेली ती सरकारी दिवसाच्या दुसऱ्या दिवशी.

सकाळचीच वेळ. पत्रा वाकडा बसला. पाय पेडलवर होता. हात आपोआप आत गेला, कारण काल दिवसभर तो तसाच जात होता आणि काल दिवसभर लोखंड थांबत होतं. आज किल्ली पुन्हा बंद होती. मला ते माहीत होतं. हाताला माहीत नव्हतं.

मी ओरडले की नाही आठवत नाही. एवढंच आठवतं की सुपरवायझर पळत आला आणि माझ्याकडे यायच्या आधी मशीनकडे गेला. आधी किल्ली फिरवली. मग गाडी बोलावली.

चौकशीला तोच साहेब आला. त्यानं लाकडाची पट्टी आत घातली, पेडल मारलं, मशीन थांबलं. सुपरवायझर म्हणाला, बघा साहेब, सेन्सर एकदम ओके. यंत्र निर्दोष, बाईचा निष्काळजीपणा. चोर सोडून संन्याशाला फाशी. मालकानं मोठ्या मनानं मला पॅन्ट्रीत चहा करायला ठेवलं. तेव्हापासून मी त्यांच्या माणुसकीचा नमुना.

माझे वडील पिंपरीला एका कारखान्यात परमनंट होते. आमच्या घरात कायदा म्हणजे आपल्या माणसानं आपल्यासाठी लिहून ठेवलेली गोष्ट. भिंतीवर बुद्धाशेजारी घटना लिहिणाऱ्यांचा फोटो आहे, तो बघतच आम्ही लहानाचे मोठे झालो. बोटं गेली तेव्हा वडील कॉटशेजारी बसून होते. ते म्हणाले, "आमच्या वेळचा इन्स्पेक्टर पण पाकीट घ्यायचा. हरामखोरच होता. पण न सांगता यायचा. कधी येईल नेम नाही म्हणून मालकाला रोज हात आत जाणार नाही असं झाकण लावून मशीन चालवावं लागायचं." तेवढं एक वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

तर तो हॉल. मालकांनी माईक माझ्यासमोर धरला. मला गाडीत पढवलं होतं, म्हणायचं की मालकांनी मला पोरीसारखं सांभाळलं. तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेर येईना. मनगटावर अजून त्यांची पकड होती. आतून काहीतरी तटकन तुटलं. मी म्हणाले, "आदल्या दिवशी सरकारी दिवस होता. म्हणून माझी बोटं गेली."

मला वाटलं आता हॉल हादरेल. खुर्च्या सरकतील. कुणीतरी उठून विचारेल.

मालकांनी माईक स्वतःकडे ओढला. मग हसले. "ऐकलंत? मी नाही म्हणत, कामगारच म्हणतोय. सरकार आलं आणि बोटं गेली."

मघापेक्षा मोठ्या टाळ्या. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली.

मी उभीच. माझं खरं बोलणं त्यांनी माझ्या तोंडातून उचललं आणि स्वतःच्या खिशात घातलं. मालकांनी माझा हात वर धरला तेव्हाही मी इतकी नागडी झाले नव्हते. सरकारी दिवस या शब्दाचा अर्थ आम्हा चार बायकांनाच ठाऊक. त्या हॉलमध्ये मंगलताई असती तर तिच्या अंगावर काटा आला असता. ती नव्हती. तिच्यासारखी एकही नव्हती. आमची भाषा मशीनपासून गेटपर्यंतच चालते हे मला त्या दिवशी कळलं.

परत येताना मालक खुशीत होते. म्हणाले, छान बोललीस, पुढच्या महिन्यात पुण्याला कार्यक्रम आहे, तिथंही जाऊ. मी खिडकीबाहेर बघत होते. भोसरी मागे पडली. मग मी म्हणाले, "मालक, मी किल्लीबद्दल बोलले. तुम्ही किल्ली एक दिवस चालू ठेवता आणि दुसऱ्या दिवशी बंद करता, त्यानं बोटं गेली."

"कसली किल्ली?"

मी अर्धी बोटं मांडीवर ठेवली.

"तुला चहाचं काम दिलं. बसायला खुर्ची दिली. कायद्यानं दिली असती का?"

"कायद्यानं बोटं राहिली असती."

मोशीला गाडी थांबली. उतर म्हणाले. सिक्स सीटर रिक्षा पकडून मी खोलीवर आले. दुसऱ्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं आत सोडलं नाही. वरून सांगितलंय म्हणाला. बिचारा माझ्या डोळ्यांत बघत नव्हता.

मी पुण्याला सरकारी कचेरीत गेले. तिथला अधिकारी नवा होता. माणूस वाईट नव्हता. पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, ताई, जाऊ आम्ही, पण कळवून जावं लागेल. उद्योगांना त्रास नको असं वरून आहे. मी विचारलं, "कळवून गेलात तर किल्ली चालूच असणार ना?" त्यानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "मला जे चालू दिसतं तेच मी लिहू शकतो."

बाहेर रस्त्यावर आले तेव्हा हसू आलं. हॉलमधले लोक ओरडतात, सरकारनं हात घालू नये. अहो, घालतं कुठं? लग्नातल्या पाहुण्यासारखं निरोप धाडून येतं, चहा पितं आणि जातं. मालकाला त्याचा त्रास नाही. बाजाराला नाही. मरण आमचं होतं. सरकार बिलकुल आलं नसतं तर माझा हात भ्यायलेलाच राहिला असता आणि रोज आलं असतं तर भ्यायची गरजच नव्हती. ते एक दिवस येतं, ते आम्हाला खातं.

आणि मग माझ्याच तक्रारीवर तो अधिकारी निघाला. तारीख ठरली. कारखान्याला कळवलं गेलं. मंगलताईचा फोन आला. आवाज चिडलेला. "तूच केलंस न्हवं? हात दाखवून अवलक्षण कशाला करतीस बाई? तुजं काय, गेलं ते गेलं. आमची बी रोजी घालवतीस व्हय?"

मला तिच्या रागाचं काही वाटलं नाही. दुसरीच गोष्ट कळली. मी माझ्या हातानं त्या बायकांना आणखी एक सरकारी दिवस आणून दिला होता. आता त्या दिवशी सगळ्यांचे हात सैल पडणार. आणि त्याचा दुसरा दिवस येणार.

अधिकारी आला, बघून गेला. सगळं ठीक असल्याचं लिहिलं म्हणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुरुळी फाट्यावर गेले. बायका तिथून कंपनीच्या गाडीत चढतात. तोंडाला स्कार्फ, हातात डबे. मी एकेकीच्या पुढ्यात जाऊन सांगत होते, "आज किल्ली बंद आहे. काल विसरा. हात आत घालू नका." गाडीच्या दाराशी सुपरवायझर उभा. एकीनंही वर बघितलं नाही. मी आडवी आले तर वळसा घालून गेल्या. शेवटी मंगलताई आली. ती तेवढी थांबली.

"जा घरी," ती म्हणाली. "आमास्नी वळख दाखवू नगंस."

चढली. दार लागलं. गाडी गेली.

आता मी मोशीत एका खानावळीत पोळ्या लाटते. अर्ध्या बोटांनी पोळी गोल होत नाही, मालकीण रोज बोलते. वडील म्हणतात, पुरे कर, कुणी ऐकत नाही. खरं आहे. कुणी ऐकत नाही. किल्ली माझ्यानं फिरणार नाही. साहेब येईल तो सांगूनच येईल. मालक टाळ्या घेतच राहणार. मला यातून काही चांगलं निघेल असं वाटत नाही आणि तसं वाटून घ्यायची माझी इच्छाही नाही.

पण साहेब जेव्हा जेव्हा येऊन जाईल, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी फाट्यावर असणार. मारलं तरी असणार. मंगलताईनं शिव्या द्याव्यात, थुंकावं, चालेल. मशीनपुढं बसेपर्यंत तिचा संताप उतरता कामा नये. पेडलवर पाय ठेवताना तिला मी आठवले पाहिजे, मग ते रागानं का होईना.